निवांतपणा? आगाऊ बुकिंग करा!

काय एकेक थेरं निघतील, सांगता येत नाही. पूर्वी माणसं सुट्टीत कुठे जायची, तर जिथे बघण्यासारखं काहीतरी असेल तिथे. देऊळ, किल्ला, समुद्र, गेलाबाजार एखादा सनसेट पॉइंट. आता चांगली शिकलीसवरलेली, घराचे हप्ते फेडणारी, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून दोन-दोन तास भांडणारी माणसं रात्रीचे दहा-बारा हजार मोजून पवनेच्या काठी एका तिकोनी लाकडी खोलीत जातात. आणि तिथे काय करतात? काहीच नाही! परत येऊन काय सांगतात? "अरे, आम्ही काहीच केलं नाही!" आणि हे सांगताना चेहऱ्यावर असा आनंद, की जणू लेकीला सरकारी मेडिकलची सीट लागली.

आता बोला. काहीच न करण्यावरून आपण लहानपणी किती बोलणी खाल्ली? सोफ्यावर नुसतं लोळलं तर 'ऐतखाऊ', गॅलरीत उभं राहून बाहेर बघत बसलं तर 'रिकामटेकडा'. तोच उद्योग मुळशीत केला की स्लो लिव्हिंग! लोळणं तेच, माणूसही तोच. फक्त खाली उशीऐवजी हॅमॉक आणि वर पंख्याऐवजी आकाश.

बरं, एक-दोघांचं डोकं फिरलं असतं तर आपण सोडून दिलं असतं. पण साथच आली आहे हो! २०२० च्या टाळेबंदीत माणसं घरात कोंडली गेली, ती बाहेर पडली ती थेट डोंगराकडे सुटली, आणि अजून थांबलेली नाहीत. पवना, कामशेत, ताम्हिणी, भोर, वाई, तापोळा, कर्जत, इगतपुरी, जिथे म्हणून डोंगराला उतार आणि खाली चार थेंब पाणी दिसेल तिथे केबिन उगवली आहे. ए-फ्रेम म्हणू नका, काचेचं घर म्हणू नका, घुमटाकार तंबू म्हणू नका, कंटेनर रंगवून केलेली खोली म्हणू नका. तुंग-तिकोन्याच्या पायथ्याशी उभं राहून दगड भिरकावला तर तो कुणाच्या ना कुणाच्या डेकवरच पडायचा, आणि तिथे लाल टोपलीतला नाश्ता मांडून फोटो काढणारी एखादी बाई किंचाळायची. जिथे काल-परवापर्यंत इंद्रायणीची भातखाचरं होती तिथे आज 'लेक व्ह्यू', 'व्हॅली व्ह्यू' आणि काहीच दिसत नसेल तर 'नेचर व्ह्यू'.

शनिवारी सकाळी एक्स्प्रेसवेवर जाऊन बघा एकदा, करमणूक फुकट आहे. काचेवर फास्टॅग, मनात स्लो लिव्हिंग, आणि खंडाळ्याच्या घाटात गाडी जागची हलत नाही. आता खरं पाहिलं तर या लोकांना जे हवं होतं ते सगळं तिथेच मिळालेलं असतं. डोंगर आहे, हिरवळ आहे, गती म्हणाल तर मुंगीला लाजवेल अशी, आणि करण्यासारखं काही म्हणजे काही नाही. उतरावं, दरीकडे तोंड करून बसावं, पैसे वाचले! पण नाही. तिथे हॉर्नवर हॉर्न. नवरा बायकोवर खेकसतोय, बायको "मी सहालाच निघू म्हणत होते" हे चौथ्यांदा म्हणतेय, मागे मुलं चिप्सच्या पुड्यावरून मारामारी करतायत. का? तर चेक-इन एकला आहे! निवांतपणा एक वाजता सुरू होणार आणि आपण अजून खोपोलीलाच! त्यात उद्या अकराला चेक-आउट. म्हणजे पैसे चोवीस तासांचे, निवांतपणा बावीस तासांचा, त्यातले दोन घाटात गेले. ही लूट नाही तर काय?

मग पोचल्या पोचल्या वसुली सुरू. दोन वाजता जेवण, तीनला लोळणं, चारला डेकवर पुस्तक घेऊन बसणं (पुस्तक वर्षभर तेच आहे, खूण पान अठ्ठावीसवर), साडेचारला पुस्तकाचा फोटो, पाचला चहा, सहाला सूर्यास्त, सातला शेकोटी, आठला चांदण्या. एवढं काटेकोर वेळापत्रक तर ऑफिसातही कुणी पाळत नाही. आणि मध्येच कुणी "जरा गावात चक्कर मारून येऊ" म्हणालं की बाकीचे अंगावर येतात. "नाही! आपण इथे रिलॅक्स व्हायला आलोय!"

पण खरी गंमत त्या काचेची. केबिनची पुढची अख्खी भिंत काचेची असते, पलंगाचं तोंड बरोबर तिकडे, आणि जाहिरातीत लिहिलेलं असतं, उठा सूर्योदयासोबत. लोकांना वाटतं, ही कविता आहे. अहो, ही धमकी आहे! आठवडाभराची झोप भरून काढायला आलेला माणूस रविवारी सहा-साडेसहाला डोळ्यांत ऊन घुसून खडबडून जागा होतो. पडदा ओढावा म्हटलं तर पडदा पांढरा, झिरझिरीत, फोटोत छान दिसणारा. मग महाशय तोंडावर उशी घेऊन पालथे पडतात आणि त्या अवस्थेत निसर्गाशी एकरूप होतात. मे महिन्यात कर्जतच्या काचघरात दुपारी दोनला बसून पाहा, एसी अठरावर असतो आणि बाहेरच्या पाटीवर 'इको-फ्रेंडली' लिहिलेलं असतं. आणि रात्री? दिवा लावला की त्याच काचेतून बाहेरचं काही दिसत नाही, आपलंच तोंड दिसतं. बाहेरून मात्र आतलं सगळं दिसतं. जंगल बघायला पैसे भरून गेलेला माणूस रात्री आठनंतर जंगलाला स्वतःच दिसत असतो. केअरटेकरचं कुत्रं डेकवर पुढचे पाय पसरून बसतं आणि आतल्यांची पत्त्यांची भांडणं शेवटपर्यंत बघतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. धो-धो पाऊस पत्र्यावर कोसळायला लागला की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. नवरा-बायकोंच्या दृष्टीने ही सोय आहे, असं अनुभवी लोक सांगतात.

आणि या तिकोनी छपराचं काय एवढं कौतुक? दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत हा ए-फ्रेमचा प्रकार बोकाळला. बर्फ घसरून खाली पडावं म्हणून छप्पर पार जमिनीपर्यंत उतरतं. मावळात बर्फ कुठलं? पाऊस घसरतो, हे कबूल. पण पाऊस घसरावा म्हणून कोकणात कौलारू छपरं पिढ्यान्‌पिढ्या उतरतीच आहेत की. त्याच्यासमोर उभं राहून कुणी कधी पांढऱ्या फ्रॉकमध्ये गिरकी घेतली? नॉर्वे-फिनलंडात म्हणे घरटी नाही तरी पाहुण्यारावळ्यांत कुणाची ना कुणाची केबिन असतेच, आणि तिथल्या कित्येक जुन्या केबिनींत वीज नाही, नळ नाही, संडास बाहेर. तसं अस्सल काही आपल्याकडे द्या बरं! पहिल्याच दिवशी एक स्टार. "व्ह्यू चांगला, पण वायफाय स्लो." स्लो! म्हणजे एवढी एकच गोष्ट स्लो नको होती.

मोबाईलचं तर वेगळंच नाटक. अमेरिकेत २०१५ मध्ये 'गेटअवे' नावाची कंपनी निघाली, तिने केबिनमध्ये मोबाईल कोंडून ठेवायला पेटीच दिली. ती टूम इथेही पोचली आहे. कुठे लाकडी पेटी, कुठे मातीचं मडकं. फोन आत टाका, चोवीस तास विसरा! एका महाशयांनी फोन मडक्यात टाकला आणि त्या मडक्याचा फोटो स्टेटसला ठेवला. आता फोटो कशाने काढला म्हणून विचाराल तर ऑफिसच्या फोनने. तो फोन मडक्यात टाकायची अट नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

या सगळ्याला मुळात फूस कोणाची, ते तरी ठाऊक आहे का? थोरो नावाच्या गृहस्थाची. १८४५ सालच्या ४ जुलैला हा माणूस अमेरिकेत कॉन्कर्डजवळ वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या खोलीत राहायला गेला. खोली दहा फूट बाय पंधरा फूट. जागा मित्राची, म्हणजे इमर्सनची, तेव्हा भाड्याचा प्रश्न मिटला. खर्च एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट, आणि हिशेब असा चोख की खिळ्यांचे ३ डॉलर ९० सेंट लिहिले आहेत आणि खडूचा एक सेंटसुद्धा सोडलेला नाही. सदाशिव पेठेत जन्म घ्यायचा तो चुकून तिकडे घेतला, दुसरं काय! दोन वर्षं, दोन महिने, दोन दिवस राहिला, १८५४ मध्ये पुस्तक काढलं, आणि पुढे ते दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलं म्हणून आपल्यालाही कळलं. पण त्या पुस्तकातली आपल्या कामाची ओळ कुणी सांगत नाही. एकांतात राहणारे हे ऋषी दर एक-दोन दिवसांनी पायी गावात चक्कर मारायचे. कशाला? गावगप्पा ऐकायला! हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे बघा, एकांताच्या आद्यगुरूलाही खमंग बातमीशिवाय चैन पडत नव्हतं. मग आपणच तेवढे वाईट?

असो. पुन्हा पवनेकडे या, कारण स्वयंपाक झाला असेल. मेनू काय? पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. घरी बायकोने मंगळवारी रात्री पिठलं केलं तर "आज भाजी नव्हती का?" असं विचारणारा माणूस इथे पिठल्याला हात जोडतो. चुलीवरचं आहे ना! भाकरीचा पापुद्रा सुटला तर टाळ्या, काठ करपला तर "स्मोकी फ्लेवर". एकेकजण तर चुलीसमोर फुंकणी घेऊन बसतो, डोळ्यांतून पाणी काढतो, खोकतो, वर सरपण फोडायचंय म्हणून हट्ट धरतो. विकत श्राद्ध घेऊन सव्यापसव्य करणं म्हणतात ते हेच! ज्या मावशी खऱ्या भाकऱ्या थापतात, त्या बाजूला उभ्या राहून पदर तोंडाला लावतात. त्यांच्या घरी गॅस आहे. चूल पाहुण्यांसाठी.

या मावशींना आणि केअरटेकर दादांना एकदा बोलतं करा, मग बघा. एक ताई म्हणे सकाळी अनवाणी बाहेर आल्या. जपानच्या वनखात्याने १९८२ मध्ये शिनरिन-योकू म्हणजे रानातल्या मोकळ्या हवेत नुसतं हिंडायचा मंत्र दिला, त्याची इकडे येईपर्यंत झाडाला मिठी झाली आहे. ताईंनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि आंब्याला कवटाळलं. मावशी लांबून म्हणाल्या, "ताई, मिठी मारताय ती मारा, पर त्या झाडावर तांबडे मुंगळे हायती बघा." त्यानंतर ताईंनी जो नाच केला त्याची रील मात्र कुठे आली नाही. दुसऱ्या एका कुटुंबाने रात्री अकराला दादांना फोन करून तक्रार केली, बेडूक फार ओरडतायत, काही करता येईल का? दादा शांतपणे म्हणाले, "सांगून बघतो." आता याच दादांचा दिवस ऐका. पहाटे पाचला पाण्याचा पंप, सहाला दूध, सातला बारा जणांचे पोहे, अकराला चेक-आउट, अकरा ते एक चादरी बदला, जकुझी घासा, डेकवरची पानं काढा, चार चांगली पानं परत टाका, कारण पाहुण्यांना नैसर्गिक हवं असतं. एकला पुढची गाडी हजर. एका माणसाने बावीस तास संथ जगावं म्हणून दुसरा माणूस ढुंगणाला पाय लावून पळतोय. आणि जाताना संथवाले त्याला म्हणतात, "दादा, तुमची मजा आहे राव. रोज असं निसर्गात!"

जकुझीवरून आठवलं. शहापूरकडे भातसा, तानसा, वैतरणा अशी धरणंच धरणं, पाणी मुख्यतः मुंबईला, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा. अशा मुलखात कुणी गच्चीवर बुडबुड्यांच्या पाण्यात बसून धरणाकडे बघत "किती शांत आहे ना" म्हणावं, यावर आपण काय बोलणार? काही बोलत नाही. टँकर तिथे वेळेवर पोचतो, एवढं मात्र ऐकून आहोत.

आता बाटलेल्यांबद्दल सांगते. सगळ्यांत मोठी विकेट पडली ती आपल्या समोरच्या इमारतीतल्या काकूंची. लेक-जावई घेऊन निघाले तेव्हा काकू ताडताड बोलल्या होत्या. "शेणाने सारवलेल्या घरातून बाहेर पडायला माझी अर्धी हयात गेली, आणि तुम्ही मला दहा हजार भरून परत तिथेच नेताय? काखेत कळसा नि गावाला वळसा!" आपण मनात टाळ्या वाजवल्या. शनिवारी गेल्या. आणि रविवारी? हॅमॉकमधून उतरायला तयार नाहीत! मावशींना भाकरीचं पीठ किती गरम पाण्यात मळायचं ते शिकवून आल्या, केबिनमागे तुळस नाही म्हणून मालकाला फोनवर झापून आल्या, बाथटबमध्ये एकदा बसून बघितलं हे कुणाला सांगू नकोस म्हणून मला सांगितलं. आता त्यांच्या भिशीच्या चौदा बायका मिनीबस करून जायच्या आहेत. "हरिपाठ तिथेच म्हणू," म्हणतात. देवाला तरी किती जण फसवणार!

आणि ज्यांना नुसतं भाड्याने राहून भागत नाही, त्यांचा रोग तर पुढच्या पायरीवर गेलेला. यांना स्वतःची केबिन हवी. कामशेतला पाच गुंठे, भोरला अकरा गुंठे, डोक्यात आराखडा तयार. मग कळतं की महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर आधी शेतकरी असावं लागतं. झालं! पंधरा वर्षं आयटीत घालवलेल्या माणसाला एकाएकी आजोबांची शेती आठवते. जे गाव वडिलांच्या तेराव्यानंतर पाहिलं नाही तिथे धाव. तलाठ्याकडे खेटे, सातबाऱ्यावर नाव शोधायची धडपड, आणि नाव सापडतं तेही सव्वीस नावांच्या मध्ये सामाईकात. त्यातले नऊ वारलेले, दोन अमेरिकेत, आणि एक आत्या, जिच्याशी दिवाणखान्यातल्या झोपाळ्यावरून अबोला. पेढे घेऊन आत्याकडे जायची वेळ आली की कळतं, संथ जगणं म्हणजे काय. वारसनोंदीइतकं संथ दुसरं काही नाही या राज्यात. बरं, त्याच गावात यांचं स्वतःचं चौसोपी घर आहे. पडवी खचली आहे, कौलं उतरली आहेत, मागे विहीर, पुढे पांगारा, रात्री काजवे. ते दुरुस्त करू म्हटलं तर? "छे, तिकडे कोण जाणार? लांब पडतं. आणि भावकी आहे." भावकी नको, डोंगर हवा. दुरून साजरे म्हणतात ते काही उगाच नाही.

आपण मात्र यातले नाही. आपण फक्त बघतो. बघायला काय जातं? रात्री झोप येत नाही म्हणून जरा फोनवर बोट फिरवलं, एक केबिन दिसली, मग तशाच आणखी चाळीस. 'आवडलेल्या' म्हणून काही बाजूला ठेवल्या, त्या काय, चुकून बोट लागून. आणि गेल्या पावसाळ्यात ताम्हिणीला गेलो होतो ते वेगळं. ते आतेभावाचं बुकिंग होतं, त्याला ऐन वेळी ताप आला, पैसे परत मिळणार नव्हते. अन्न टाकू नये, तसं बुकिंगही टाकू नये. गेलो, राहिलो, दोन दिवस काही केलं नाही. फोटो काढले ते आठवण म्हणून, आणि टाकले ते आतेभावाला बरं वाटावं म्हणून. तुमचेही बघितले हो आम्ही, डेकवर कॉफीचा मग दोन्ही हातांत धरून दरीकडे बघत असलेले. तुम्ही तर घरी चहा पिता!

तेव्हा आता सोवळं पुरे. पुढच्या महिन्यात शुक्रवार जोडून आलाय, मुळशीकडची एकच केबिन उरली आहे, आणि ती तासाभरापूर्वी आठ हजार होती ती आता साडेनऊ झालीय. कुणीतरी लवकर पैसे भरा, हिशेब नंतर करू. चौघांचीच परवानगी आहे आणि आपण सहा जण आहोत, पण ते बघू. फाटकापाशी दोघांनी सीटखाली वाकून बसायचं. वजनदारांनी नको, गेल्या वेळी दार लागलं नव्हतं.